माझा एक दिवस गप्प बसण्याचा कार्यक्रम

पिक्चर पाहणं पाप आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. माझी शंका एवढीच, की पिक्चरमधल्या बाईला नवरा भर पावसात घराबाहेर काढतो, ती ढसाढसा रडते, तरी तिचं काजळ जागचं हलत कसं नाही. मी माझ्या लग्नात रडले तर काजळ हनुवटीपर्यंत उतरलं होतं आणि नवरदेवाच्या मामांनी मला पाहून शिवा शिवा म्हणत तोंड फिरवलं होतं.

देवाच्या पिक्चरचं वेगळं आहे. पडद्यावरचा देव खरा की नट खरा, हा प्रश्न शिकलेल्यांना पडतो. माझं शिक्षण चौथीत थांबलं, त्यामुळे मला तो पडत नाही. कपाळावर विभूती, गळ्यात नाग आणि जटेत चंद्र दिसला की हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. आत नट कोण आहे ते त्याच्या बायकोनं बघावं.

पण त्या श्रावण सोमवारी माझ्या घरात जे झालं, त्यानंतर अजूनही कोणी 'व्हिडिओ' म्हटलं की मी कानांवर हात ठेवते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, तर साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या, जिथं तिथं नव्या रंगाच्या पाट्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. आषाढ कोरडा गेला होता, श्रावणातही आभाळ धुतलेल्या परातीसारखं लख्ख. आमच्या गल्लीत टँकर यायचा तोही रुसलेल्या जावयासारखा. येईन म्हणायचा, कोपऱ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच परत जायचा.

अशा दिवसांत आमच्या रुद्राणीला उदगीरचं स्थळ आलं.

आता आधीच्या स्थळांबद्दल लोक काहीबाही सांगतात, म्हणून खरं काय ते मीच सांगते. निलंग्याच्या मुलाच्या मामांनी विचारलं, पोरीला स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, येतो, पण तुमचं पोट बघून पोर घाबरायली. अहमदपूरचा मुलगा बसल्यापासून आमच्या भिंतीवरच्या आरशात भांग बघत होता. मी एवढंच विचारलं, की जाताना आरसा गुंडाळून देऊ का. एवढ्यावर दोन्ही स्थळं मोडली. लोकांची मनं इतकी कच्ची असतील तर त्यांनी लग्नं करूच नयेत.

पण या वेळी रुद्राणी माझ्यासमोर येऊन बसली. शांत पोरगी. बापावर गेलीय. म्हणाली, "अव्वा, मला हे स्थळ पाहिजे."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. आमच्या घरात पोरीनं असं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. "तू पाह्यलंस कुठं त्याला?"

"उदगीरच्या लग्नात. तो पंगतीत वाढत होता. एका म्हाताऱ्याच्या धोतरावर वरण सांडलं तर सगळे हसले. हा हसला न्हाई. स्वतः पाणी आणून धोतर धुतलं."

"आणि मी कुठं होते तेव्हा?"

"तू आचाऱ्यासंग भांडत होतीस."

ते खरं होतं. आचारी बुंदीत पाक कमी घालत होता.

"अव्वा, ते सोमवारी येणार हायत," रुद्राणी म्हणाली. "एक दिवस गप्प बस. फकत एक दिवस. पुढं जल्मभर बोल."

मला जो धक्का बसला तो सांगता येत नाही. ज्या पोरीला मी बोलायला शिकवलं, ती मला गप्प बसायला सांगत होती. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ती उगाच डोळे भरणारी पोरगी नाही. मी म्हटलं, बसते.

म्हटलं खरं. माणसं समोर बसणार, काहीतरी विचारणार, आणि मी मेणाच्या बाहुलीसारखं बसणार कसं? यावर आमच्या यांनी तोडगा काढला. हे म्हणजे रुद्राणीचे वडील, भीमाशंकर. गंज बाजारात यांचं आडत दुकान आहे. महिन्यातून एखादं पूर्ण वाक्य बोलतात, पण त्या दिवशी बोलले. "व्हिडिओ आणू या. देवाचं पिक्चर लावू. पाव्हणे पिक्चर बघतील, तू पिक्चर बघशील. संपलं की चहा, आणि पाव्हणे एसटीत."

लग्न झाल्यापासून या माणसाच्या डोक्यात एवढी अक्कल आहे हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय मुलाची आई, सिद्धम्मा, फार देवाची बाई असं कानावर आलं होतं. तिनं म्हणे जन्मात टॉकीज पाहिली नव्हती. तिथं लोक चपला घालून देवासमोर बसतात, म्हणून. तेव्हा श्रावण सोमवारी घरात, अनवाणी, शंकराचं पिक्चर. याहून चांगलं काय?

मी ही गोष्ट शेजारच्या लक्ष्मीबाईंना सांगितली, हीच माझी चूक. दुपारपर्यंत गल्लीत बातमी झाली की आमच्याकडं महादेव येणार. बाया येऊन जागा धरायला लागल्या. एकीनं तर पाट आणून ठेवला.

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "काकू, आपल्या कोपऱ्यावरच्या महादेवाला अजून पाण्यात बसवलं न्हाई. गाभारा भरला असता तर एव्हाना पाऊस आला असता. ज्याला पिक्चर बघायचं त्यानं एक कळशी पाणी आणायचं. पिक्चर संपलं की मठाच्या अय्यांना पुढं घालून वाजत गाजत देवळात नेऊन ओतू."

आमच्याकडं पाऊस ओढ देतो तेव्हा महादेवाची पिंड पाण्यात बुडवतात. देवाला गुदमरायला लागलं की तो पाऊस पाडतो. यात कोणी हसू नये. सरकारकडंही आपण असंच करतो, फक्त पाणी नसतं, मोर्चा असतो. पण श्रद्धेचं एक बघितलं. ज्या बाया पिंडीवर तांब्यापेक्षा जास्त ओतत नव्हत्या, त्या पिक्चरसाठी कळशी द्यायला लगेच तयार झाल्या.

मग समोरचे शेषेराव आले. हे कचेरीतून निवृत्त झालेले, निजामाच्या काळापासूनचे सगळे कायदे पाठ, आणि आता ते कोणावर लावावेत याच्या शोधात. दारातच म्हणाले, "वहिनी, घरची माणसं सोडून बाकीची बघणार म्हणजे हा जाहीर खेळ झाला. अर्जी द्यावी लागते. परवानगी नसली तर मशीन जप्त, आणि पाव्हण्यासमोर पोलीस. इज्जतीचा सवाल हाय."

पाव्हण्यांसमोर पोलीस हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आमचे हे कचेरीच्या पायरीवरच घामाघूम होतात, म्हणून अर्जी घेऊन मीच गेले.

कचेरी इतकी नवी होती की भिंतींना चुन्याचा वास होता. टेबलामागं एक तरुण कारकून बसला होता. नीट भांग, साधा सदरा. म्हणाला, "काकू, हे काम आधी जुन्या जिल्ह्याला व्हायचं. आता इथं होतं."

"मग करा."

"शिक्का आला न्हाई अजून. जुन्या जिल्ह्याचा शिक्का हाय. तो मारला तर चालत न्हाई, न मारला तर अर्जी अपुरी."

मी घरी गप्प बसायचं कबूल केलं होतं. कचेरीचं काही ठरलं नव्हतं. मी म्हटलं, "जिल्हा झाला, साहेबाला खुर्ची आली, खुर्चीला गादी आली, आणि मेला एक शिक्का येईना? आईच्या वयाच्या बाईला उभं करून शिक्क्याची कथा सांगायलास. तुझ्या आईनं हेच वळण लावलं का तुला? ती बाई मला एकदा भेटलीच पाहिजे."

आजूबाजूचे कारकून लिहायचे थांबले. तो मात्र अर्जीवरचं माझं नाव वाचत होता. वाचून त्यानं एकदम वर पाहिलं, उठून मला बसायला स्टूल दिलं, मग जुना शिक्का मारला, त्यावरचं जुनं नाव खोडून हातानं 'लातूर' लिहिलं आणि आत जाऊन साहेबांची सही आणली. कागद देताना त्याच्या तोंडावर बारीकसं हसू होतं. मी समजले, माझ्या नावाचा दरारा. एवढ्या मोठ्या कचेरीत माझं नाव पोचलंय, याचा मला घरी येईपर्यंत अभिमान वाटत होता.

सोमवार उजाडला. संध्याकाळी वीज हमखास जायची, म्हणून खेळ दुपारी ठेवला. खिडक्यांना वाकळा ठोकल्या, दाराला घोंगडं लावलं, आणि आमच्या पुढच्या खोलीचा पार भाकरीचा तवा झाला. व्हिडिओवाला व्यंकट त्याची सगळी पेटी, तारा, टीव्ही घेऊन आला. मी टीव्ही चौरंगावर ठेवायला लावला. काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली, वर बेलाची माळ घातली.

व्यंकट म्हणाला, "काकू, काचेला हात लावू नका हो. चित्र दिसायचं न्हाई."

"देवाच्या कपाळावर विभूती न्हाई, तर चित्र दिसून काय करायचं?" मी म्हटलं. तो तारा जोडायला लागला.

मग मठाचे अय्या आले. आमच्यात अय्या घरात आले की त्यांचं आसन सगळ्यांच्या वर. मी सतरंजीवर गादी घालून ठेवली होती. अय्यांनी गादीकडं पाहिलं, चौरंगावरच्या टीव्हीकडं पाहिलं. म्हणाले, "गौरम्मा, ही पेटी माझ्याहून उंच हाय."

"अय्या, त्यात महादेव हाय."

"आत्ता कुठं हाय? आत्ता नुसती काच हाय."

टीव्ही खाली ठेवला तर मागच्या बायांना दिसेना, अय्यांना खाली बसवलं तर पाप. शेवटी बाजेवर खुर्ची ठेवून अय्यांना तिच्यावर बसवलं. पण बाज मावली ती फक्त टीव्हीच्या मागच्या भिंतीला. म्हणजे अय्या सगळ्यांच्या वर बसले खरे, पण त्यांना टीव्हीची पाठ दिसत होती आणि समोर गल्लीतल्या सगळ्या बायांची तोंडं. अय्यांनी मानानं डोळे मिटले. मोठेपणाची ही किंमत असते.

बायांनी कळशा आणल्या, पण कोणी कळशी बाहेर ठेवीना. त्या दिवसांत बाहेर ठेवलेलं सोनं एखादे वेळी मिळालं असतं, पाणी मिळालं नसतं. आपली कळशी आपल्या डोळ्यांसमोर पाहिजे म्हणून सगळ्यांनी त्या पुढंच मांडल्या, चौरंगाच्या दोन्ही बाजूंना. बघायला छान दिसत होतं. मी स्वतःच्याच हौसेवर खूश झाले.

पाव्हणे आले. पुढं मुलाचे वडील, शिवलिंग म्हणून, आमच्या यांच्याच सारखे अबोल. मग सिद्धम्मा. उंच बाई, कपाळभर विभूती, लुगडं असं चापून नेसलेलं की सुरकुतीला भीती वाटावी. आणि त्यांच्या मागं दारात तो कचेरीतला कारकून.

मला वाटलं, परवानगी तपासायला आला. मी खुंटीवरचा कागद काढून त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघा. सही, शिक्का, सगळं हाय. आता पाव्हण्यासमोर तमाशा नको."

आमचे हे खोकले. एकदा खोकले, मग पुन्हा खोकले. "अगं, हेच ते. विरूपाक्ष."

मुलगा नोकरीला आहे एवढंच यांनी मला सांगितलं होतं, कुठं ते सांगायला यांच्याकडं वाक्य उरलं नव्हतं. या मुलासमोर मी त्याच्या आईचं वळण काढलं होतं. ती आई माझ्यासमोर उभी होती, आणि मला भेटलीच पाहिजे होती. आता हा तोंड उघडणार आणि संपलं सगळं.

तो वाकून पाया पडला. "शरणार्थ, काकू," म्हणाला. बास. पुढं एक अक्षर नाही. मी आत पाहिलं तर रुद्राणी माजघराच्या दारात, ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत होती. मीही ओठ मिटले.

पिक्चर सुरू झालं. कैलास दिसला, सगळ्यांनी हात जोडले. शंकराचे दंड जरा मऊ वाटले मला. रोज डमरू वाजवणाऱ्या माणसाचा दंड असा असत नाही. पण मी बोलले नाही. पार्वती तप करताना ओठांना लाली होती. तेही मी गिळलं. टीव्हीच्या मागून अय्या मधूनच विचारायचे, "लक्ष्मीबाई, तुमचं तोंड असं कामून झालं? राक्षस आला का?" आणि लक्ष्मीबाई त्यांना सांगायच्या. अय्यांनी ते पिक्चर आमच्या तोंडांवरून पाहिलं. नंतर ते म्हणाले की कथा चांगली होती, पण मधे जरा रेंगाळली.

भगीरथाचं तप चाललेलं, गंगा आता येणार, आणि वीज गेली.

सगळी खोली अंधारात. खिडक्या बंद, घाम, कळशांतल्या पाण्याचा गारवा नाकाला जाणवत होता. आणि ज्याची भीती होती तेच झालं. पिक्चर नाही म्हटल्यावर चहा तेव्हाच फिरवला, आणि सिद्धम्मा बोलायला लागल्या. त्यांचं बोलणं मऊ होतं. वाकळेत राहिलेल्या सुईसारखं.

"चहा छान हाय," त्या म्हणाल्या. "दुष्काळात एवढं पाणी कुठून आणलं म्हणावं."

मी पदराचं टोक दातांत धरलं.

"पोरगी बापावर गेली. बरं झालं."

पदर आणखी आत घेतला.

"निलंग्याला आमचे सोयरे हायत. त्यांनी तुमच्याबद्दल लई सांगितलं. मी म्हटलं, लोक काहीही बोलतात. बाई तर मुकी वाटायली."

लक्ष्मीबाईंनी अंधारात माझा हात दाबला. शेषेराव खाकरले. रुद्राणी दारात उभी असणार, दिसत नव्हती, पण तिच्या बांगड्या थांबल्याचं मला ऐकू आलं. माझ्या तोंडात अर्धा पदर होता. मी पोरीसाठी काय काय केलं हे तिला पुढं कधी सांगायची वेळ आली, तर सगळ्यात आधी मी तो पदर सांगीन. उपास धरणं सोपं असतं हो. अन्न आतच जायचं असतं, ते बाहेर थांबवता येतं. बोलणं आतून येतं, त्याला थांबवायला जागाच नाही.

तेवढ्यात वीज आली. व्यंकटनं कळ दाबली आणि गंगा सुटली.

काय सांगू. आभाळातून पाणी कोसळत होतं. पांढरं, घुसळतं, खळाळतं पाणी. शंकराच्या जटा भरून वाहत होतं, खाली डोंगर धुऊन निघत होते. आमच्या गल्लीनं एवढं पाणी एका जागी पाहिल्याला किती दिवस झाले होते. कोणाला हुंदका आला. लक्ष्मीबाई पुटपुटल्या, "अगं माय, किती वाया चाललंय." मला हसू यायला पाहिजे होतं. माझेच डोळे भरले.

आणि सिद्धम्मा उठल्या.

त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी जन्मात पिक्चर पाहिलं नव्हतं, हे मी सांगितलंय. समोर महादेव, कपाळाला विभूती, गळ्यात बेल, श्रावणातला सोमवार, आणि हाताशी भरलेल्या कळशा. त्यांनी जवळची कळशी उचलली, "नमः शिवाय" म्हटलं, आणि सबंध कळशी टीव्हीच्या डोक्यावर ओतली.

फट्ट असा आवाज झाला. निळा जाळ, धूर, आणि पुन्हा अंधार. व्यंकटनं धावत जाऊन तार ओढली. कोणीतरी खिडकीची वाकळ ओढून काढली. उन्हात दिसलं ते असं. टीव्हीतून धूर निघतोय, विभूती काचेवरून ओघळतेय, मागं खुर्चीवर अय्या आ करून बसलेत, आणि सिद्धम्मा हातात रिकामी कळशी घेऊन उभ्या.

व्यंकट तिथंच ओल्या सतरंजीवर बसला. रडका आवाज काढून म्हणाला, "मावशी, ते आत नव्हते हो."

सिद्धम्मांचं तोंड पांढरं पडलं होतं. तेव्हा त्या नुसतं 'चुकलं' म्हणाल्या असत्या, तर मी शपथेवर सांगते, मी जन्मभर गप्प बसले असते. पण त्या मुलाकडच्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "देवासमोर पाणी मांडून ठेवायचं, आणि अभिषेक करायचा न्हाई हे सांगायचं न्हाई. ज्या घरच्या बाईला एवढी अक्कल न्हाई, तिथल्या पोरीला काय वळण असणार?"

माझ्या तोंडातून पदर गळून पडला.

"माझ्या पोरीचं वळण काढायचं न्हाई," मी म्हटलं. "अभिषेक पिंडीवर करतात, पेटीवर न्हाई. तुमच्या उदगीरला वीज पोचली का अजून कंदीलच हाय?"

"तोंड हाय म्हणायचं. आमच्या उदगीरला सगळं हाय. महादेव जिथं दिसेल तिथं पाणी घालायचं, हे आम्हाला लहानपणी शिकवतात. तुमच्या पोरीलाही मी शिकवीन."

"शिकवा की. पण मग तिला पेटीवर पाणी ओतायला लावायचं न्हाई. आणि पहाटे उठवून राबवायचं न्हाई, तिला सर्दीचा त्रास हाय."

"माझ्या घरात पहाटे मी उठते. सुना उजाडल्यावर उठल्या तरी चालतं. पण येळवशीच्या सणाला ती आमच्या शेतात पाहिजे. आंबील तिनंच करायची."

"आंबील तिला माझ्याहून चांगली येते. आणि पहिली दिवाळी माझ्याकडं."

"लक्ष्मीपूजन सोडून आमची सून घराबाहेर पडत न्हाई. पाडव्याला पाठवीन."

"पाडव्याला काय फराळाचा चुरा खायला? आदल्या दिवशी पाठवायचं, जावयासकट. आणि पहिलं बाळंतपण इथं."

"ते इथं व्हू द्या, त्याचं मला काही न्हाई. पण नाव आमच्या सासऱ्यांचं. मलप्पा."

"मलप्पा? पोरगं उद्या कॉलेजात जाईल, साहेब होईल, आणि पाटीवर मलप्पा? नाव संगमेश्वर ठेवायचं."

"संगमेश्वर तुमच्या दारच्या बैलाचं ठेवा. माझ्या नातवाचं नाव मलप्पा."

"माझा पण नातूच हाय तो."

"थांबा," अय्या म्हणाले.

ते खुर्चीवर उभे राहिले होते. डोकं पार आढ्याला लागलं होतं. आम्ही दोघी थांबलो, कारण दम लागला होता.

"नातवाच्या नावावर मागून भांडा," अय्या म्हणाले. "या घरात अजून सुपारी फुटली न्हाई. पोरीला कोणी एक प्रश्न विचारला न्हाई. पोरानं हूं म्हटलं न्हाई. तुम्ही दोघी त्यांचं बाळंतपण करून मोकळ्या झालात."

मी आजूबाजूला पाहिलं. गल्लीतल्या बाया आमच्याकडं पिक्चरपेक्षा मन लावून बघत होत्या. सिद्धम्मांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मला त्या क्षणी जेवढा धक्का बसला, तेवढा टीव्ही फुटला तेव्हाही बसला नव्हता. मी बोलले होते, मनसोक्त बोलले होते, आणि स्थळ अजून खोलीतच उभं होतं.

अय्यांनी विरूपाक्षला विचारलं. तो म्हणाला, "मला मान्य हाय."

"आत्ता हे सगळं ऐकून?" शेषेरावांना राहवलं नाही.

"मी काकूंचं बोलणं आधीच ऐकलं होतं."

"कुठं ऐकलंस?" सिद्धम्मांनी विचारलं.

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "असंच. कचेरीच्या कामात." धोतरावरचं वरण धुणाऱ्या माणसाला लोकांची इज्जत कशी झाकायची हे कळतं. रुद्राणीनं बघितलं होतं ते बरोबर बघितलं होतं.

मग अय्यांनी रुद्राणीला विचारलं. ती दारातून पुढं आली. माझी शांत पोरगी, बापावर गेलेली.

"मान्य हाय," ती म्हणाली. "पण पहिली दिवाळी कुठं करायची ते मी ठरवीन. तुम्ही दोघी न्हाई."

सिद्धम्मा मटकन पाटावर बसल्या. "शिवा शिवा," त्या म्हणाल्या, "ही तर तुमच्यावर गेलीय." मी मान ताठ केली. इतक्या वर्षांत कोणी हे पहिल्यांदाच म्हटलं होतं.

सुपारी फुटली ती ओल्या सतरंजीवरच. कोपऱ्यात आमचे हे आणि शिवलिंग पाव्हणे व्यंकटची समजूत काढत होते. टीव्हीचं नुकसान दोघांनी मिळून भरायचं ठरवलं. शेवटी पाव्हण्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडंही रोज असंच असतं का?" आमचे हे म्हणाले, "हाव." त्यानंतर कुठल्या कार्यात मी त्या दोघांना वेगळं बसलेलं पाहिलं नाही.

उरलेल्या कळशा आम्ही वाजत गाजत देवळात नेल्या. पिंड बुडेल एवढं पाणी झालं नाही. एक कळशी कमी पडली असं लक्ष्मीबाई अजून म्हणतात, आणि म्हणताना उदगीरच्या दिशेनं बघतात. पाऊस त्या वर्षी काही आला नाही.

पोर मात्र आलं. नाव उदगीरला ठेवलं त्यांनी मलप्पा, मी इथं ठेवलं संगमेश्वर, आणि दोन्हीकडं पेढे वाटले. विहीणबाई आणि मी या विषयावर अजून बोलत नाही, फक्त भांडतो. पण तो पोरगा कळशी उलटी करतो, आरशावर विभूती फासतो, आल्यागेल्याला उलटून बोलतो, तेव्हा मी त्याला मलप्पा म्हणून हाक मारते. आणि उदगीरला तो असंच करतो, तेव्हा त्या त्याला संगमेश्वर म्हणतात.